भरलेले माप : बायबलमधील अन्नाच्या प्रतिमा आणि आपले वऱ्हाड



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी आम्हाला विचारले की बायबलमधल्या अन्नाच्या प्रतिमांशी यवतमाळचा काय संबंध? संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला सरळ इतिहासाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथडिस्ट मिशनचे काम या भागात सुरू झाले. त्याच मिशनच्या प्रशिक्षण शाळेतून पुढे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला जाईपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, देशभरातले विद्यार्थी हिब्रू आणि ग्रीक शिकायला आपल्या या गावात येत होते. दुसरा संबंध याहून जुना आहे आणि तो मातीचा आहे. बायबलमधली शेती ही कोरडवाहू शेती आहे. हे एकदा ध्यानात आले, की त्या ग्रंथातले दूध, मध, द्राक्षवेल, अंजीर, भाकर आणि माप हे शब्द वेगळेच बोलू लागतात. आज आपण या शब्दांकडे भक्त म्हणूनही पाहायचे नाही आणि टीकाकार म्हणूनही नाही. ज्याच्या घरी कणगी असते, आणि कणगी कधी कधी रिकामीही असते, अशा माणसाने पाहावे तसे पाहायचे आहे.

पावसापासून सुरुवात करू. अनुवादाच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात, इजिप्त आणि कनान यांची तुलना केली आहे. तिथे म्हटले आहे त्याचा आशय असा : ज्या देशातून तुम्ही निघालात तिथे बी पेरायचे आणि भाजीच्या वाफ्याला द्यावे तसे पायाने पाणी द्यायचे, ज्या देशात तुम्ही चालला आहात तो डोंगर-खोऱ्यांचा आहे, तो आकाशाचे पाणी पितो. आजच्या आपल्या भाषेत सांगायचे तर नाईलच्या कालव्याची बागायती सोडून ही मंडळी कोरडवाहू वावरात चालली आहेत, आणि ग्रंथ म्हणतो की हा चांगला सौदा आहे! आपल्याकडचा कोणताही शेतकरी याला हसेल. कालवा सोडून पावसावर कोण जाईल हो?

पण त्यामागे एक विचार आहे. कालव्याच्या पाण्यावर कोणाची तरी मालकी असते. इजिप्तमध्ये ती फारोची होती. पावसाला मालक नाही. तो लहरी आहे, पण तो कोणा अधिकाऱ्याच्या सहीने पडत नाही. म्हणून हिब्रू भाषेत पहिल्या पावसाला वेगळा शब्द आहे, शेवटच्या पावसाला वेगळा. आपल्याकडे जशी मृग, आर्द्रा, हत्ती अशी नक्षत्रे घरच्या माणसांसारखी ओळखीची असतात, तसेच ते आहे. १९०८ मध्ये गेझेर या ठिकाणी उत्खननात चुनखडीचा एक छोटा तुकडा सापडला. तो इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातला मानला जातो. त्यावर बारा महिन्यांचा हिशेब आहे : दोन महिने फळे गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवसाचा, एक सातूच्या कापणीचा, एक कापणी आणि मोजणीचा, दोन द्राक्षवेलींच्या छाटणीचे, एक उन्हाळी फळांचा. त्यात राजाचे नाव नाही, लढाईचा उल्लेख नाही, आणि जवस तर आपल्याकडेही पिकतेच! ज्या समाजाचे वर्ष असे पिकांवर मोजले जाते, त्याच्या तोंडी भरभराटीची भाषा अन्नाचीच असणार.

आता त्या सुप्रसिद्ध दूधमधाच्या देशाकडे वळू. मोशेला जो देश देऊ केला जातो त्याचे वर्णन दूध आणि मध वाहणारा असे आहे, आणि हे शब्द आता जगभर वाक्प्रचार झाले आहेत. आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर तुपाची धार आणि श्रीखंडाची पंगत येते. पण नीट पाहिले तर त्यात गहू नाही, द्राक्षारस नाही, तेल नाही. दूध म्हणजे बहुतेक शेळ्यामेंढ्यांचे. मध म्हणजे अनेक अभ्यासकांच्या मते खजुराचा पाक. मात्र २००७ मध्ये तेल रेहोव येथे जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या मधपेट्यांच्या रांगा सापडल्यापासून खरा मधही नाकारता येत नाही. दोन्हींत साम्य एवढेच, की त्यांना नांगर लागत नाही. चराई लागते, झाडे लागतात, फुले लागतात.

याची खूण यशया संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात सापडते. तिथे शत्रू देश उद्ध्वस्त करून गेला आहे. जिथे हजार वेली होत्या तिथे काटेकुटे माजले आहेत. उरलेला माणूस एक कालवड आणि दोन मेंढ्या जगवतो, आणि मागे राहिलेले सगळे दही-मध खातात. म्हणजे तेच दूध, तोच मध. पण इथे ते पडीक जमिनीचे अन्न आहे! एकच प्रतिमा एकीकडे वचन आहे आणि दुसरीकडे उजाडपणाची साक्ष. आणखी एक गंमत बघा. गणना या पुस्तकात मोशेवर चिडलेले दोन पुढारी, दाथान आणि अबीराम, उलटे म्हणतात की दूधमधाचा देश तर इजिप्तच होता, त्यातून तू आम्हाला बाहेर काढलेस. गुलामाला मालकाच्या घरचे जेवण आठवते, ते असे. तेव्हा भरपूर खायला असणे म्हणजे समृद्धी, हे समीकरण खुद्द बायबललाच मान्य नाही. ते आधी विचारते, हे अन्न कोणाच्या घरचे?

आता भाकर. हा शब्द आपल्याकडे भाषांतराच्या वाटेने आला, म्हणून थोडे त्याविषयी. विल्यम केरी आणि त्यांच्या पंडितांनी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. त्यानंतर अनेक हातांनी मराठी बायबल घडत गेले. हिब्रू 'लेहेम' या शब्दाचा अर्थ रोटी असाही होतो आणि अन्न असाही. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. मराठीत यासाठी पोळी घेता आली असती, कारण मूळ ग्रंथातला भारदस्त धान्यप्रकार गहूच आहे. पण मराठी बायबलात भाकर रुजली, आणि आमच्या मते ते फार शहाणपणाचे झाले. पोळी ही सणाची होती. भाकर रोजची, ज्वारीची, कष्टकऱ्याची. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत वर्षाचे धान्य मागितलेले नाही, एका दिवसाचे मागितले आहे. ते मागणे पोळीच्या शब्दात बसत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजार लोक जेवतात त्या प्रसंगी मुलाजवळ असतात त्या भाकरीही सातूच्या, जवाच्या आहेत. सातू हे गरिबाचे धान्य.

हे भाषांतर करणाऱ्यांमध्ये पंडिता रमाबाईंचे नाव वेगळे काढून सांगितले पाहिजे. १८५८ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी मुली, विधवा यांना केडगावला घेऊन आल्या. पुढे आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. त्यांचे निधन १९२२ मध्ये झाले आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. भाकर हा शब्द लिहिताना त्या बाईंना तो कोशात शोधावा लागला नसेल. भुकेची ओळख असलेल्या हाताने तो लिहिला आहे.

यापुढचा प्रश्न साठ्याचा. योसेफाची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे : सात पुष्ट गाई, सात रोड गाई, सात वर्षे सुकाळ, सात वर्षे दुष्काळ. योसेफ एवढे धान्य साठवतो की मोजणेच सोडून दिले जाते. शाळेत ही गोष्ट दूरदृष्टीची म्हणून सांगतात. पण उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय सहसा कोणी वाचून दाखवत नाही. त्यात लोक आधी पैसे देऊन धान्य घेतात. पैसे संपतात, मग जनावरे देतात. जनावरे संपतात, मग जमीन लिहून देतात, आणि शेवटी स्वतःलाच. दुष्काळ सरतो तेव्हा सगळी जमीन फारोची झालेली असते आणि कुळाने पाचवा हिस्सा राजाला द्यायचा असे ठरते. फक्त पुरोहितांच्या जमिनी तेवढ्या सुटतात! सावकाराच्या वहीत जमीन कशी जाते हे ज्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. लोक मेले नाहीत हे खरे. पण कोठार भरले आणि माणसे गुलाम झाली, हेही त्याच पानावर लिहिले आहे.

म्हणून त्यानंतरच्या पुस्तकात मान्ना येतो, तो या गोष्टीचे उत्तर म्हणूनच वाचावा असे आम्हाला वाटते. रानात सकाळी जमिनीवर काहीतरी बारीक पडलेले असते. प्रत्येकाने माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेले माप, तेवढेच गोळा करायचे. ज्याने जास्त उचलले त्याचे उरले नाही, ज्याने कमी उचलले त्याला कमी पडले नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवले तर त्यात किडे पडायचे. शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचे तेवढा अपवाद. म्हणजे साठवताच येणार नाही असे अन्न! फारोचे कोठार आणि रानातला मान्ना, या दोन टोकांमध्ये बायबलचा समृद्धीविषयीचा सगळा विचार हेलकावे खातो. पुढे लूकच्या शुभवर्तमानात एक श्रीमंत शेतकरी येतो. भरघोस पीक आल्यावर तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. त्या दृष्टांतातला माणूस चोर नाही, लबाड नाही. त्याच्या सगळ्या बोलण्यात दुसरे माणूसच नाही, एवढाच त्याचा दोष.

आता आपण आपल्या जिल्ह्याकडे येऊ. द्राक्षवेल आणि अंजीर ही बायबलमधली शांततेची प्रतिमा आहे. मीखा संदेष्टा असा काळ पाहतो की प्रत्येक माणूस आपल्या वेलीखाली आणि आपल्या अंजिराखाली बसेल आणि त्याला घाबरवणारा कोणी नसेल. इथे फळे किती लागली हे सांगितलेलेच नाही. वेल लावली की फळ धरायला काही वर्षे जातात, अंजिरालाही तसेच, जैतुनाला तर त्याहून जास्त. तेवढी वर्षे लढाई झाली नाही, जप्ती आली नाही, गाव सोडावे लागले नाही, तरच माणूस आपल्या झाडाखाली बसतो. यशयाच्या शेवटच्या भागात हे अगदी उघड आहे : जो मळा लावील तोच त्याचे फळ खाईल, एकाने लावायचे आणि दुसऱ्याने खायचे असे होणार नाही. आणि अनुवादातल्या शापांच्या यादीत नेमके याच्या उलट आहे. मळा लावशील पण त्याचे फळ चाखणार नाहीस.

यवतमाळ जिल्ह्याला पूर्वी वणी जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले. या सबंध वऱ्हाडाची दिशा बदलली ती अमेरिकेतल्या यादवीने, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला भाव आला. वऱ्हाडातून रेल्वे गेली, बाजारपेठा वाढल्या, सरकीच्या-रुईच्या गाठी मुंबईला आणि तिथून विलायतेला जाऊ लागल्या. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, आपली शकुंतला, मुळात कापसासाठीच आली. कापसाला आपण पांढरे सोने म्हणतो. पण त्याची भाकर होत नाही. ज्वारीचे वावर कापसाखाली गेले, की घरातली कणगी बाजारावर अवलंबून राहते. लक्ष्मण सत्या या इतिहासकारांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडाचा अभ्यास करताना आपल्या ग्रंथाच्या नावातच कापूस आणि दुष्काळ हे दोन शब्द शेजारी ठेवले, ते उगाच नव्हे. १८९६-९७ चा दुष्काळ झाला, आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात. माणसे खडी फोडायला गेली. अन्नछत्रांपुढे रांगा लागल्या. १८८० च्या दुष्काळ आयोगाने आधीच म्हणून ठेवले होते की हिंदुस्थानात धान्य अजिबात नसते असे नाही. काम बुडते आणि धान्य घ्यायला पैसा नसतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हाच मुद्दा शास्त्रशुद्ध रीतीने मांडला.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, हे चित्र एका ओळीत आले आहे. काळ्या घोड्यावर एक स्वार येतो. त्याच्या हातात तराजू आहे. बघा, दुष्काळाच्या हाती तलवार नाही, तराजू आहे! भाव ऐकू येतो : एका माणसाच्या एका दिवसाच्या गव्हाला पूर्ण दिवसाची मजुरी, सातू घेतले तर तेवढ्यात तिप्पट. आणि पुढे बजावले जाते की तेल आणि द्राक्षारस यांना मात्र धक्का लावू नका. बायकापोरे असलेला मजूर काय करील? आणि हे तेल-द्राक्षारस का वाचवायचे? काही अभ्यासक इथे सम्राट डोमिशियनची आठवण काढतात. साधारण इसवी सन ९२ मध्ये त्याने प्रांतांमधले निम्मे द्राक्षमळे तोडण्याचा हुकूम काढला होता, कारण धान्य कमी पडत होते आणि द्राक्षे अति झाली होती. तो हुकूम तडीस गेला नाही. या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे की नाही हा वाद आपण बाजूला ठेवू. पण पैशाचे पीक तग धरून आहे आणि पोटाचे पीक तराजूत चढले आहे, हे दृश्य आपल्याला परके नाही.

याच दुष्काळांच्या काळात मिशनांनी अनाथ मुले सांभाळली, अन्नछत्रे चालवली, आणि काही लोक ख्रिस्ती झाले. त्यांना 'भाकरीसाठी बाटलेले' म्हणून हिणवले गेले. आजही दबक्या आवाजात म्हटले जाते. यावर आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, हा आरोप बायबलला नवा नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी लोक शोधत येतात, तेव्हा येशू स्वतःच त्यांना सुनावतो की तुम्ही पोटभर जेवलात म्हणून आला आहात. पण असे म्हणून तो आदल्या दिवशीचे जेवण चूक होते असे म्हणत नाही. दुसरी गोष्ट अशी. उपाशी माणसाने भाकर देणाऱ्याकडे जावे यात लाज त्या माणसाची नसते. ज्या गावात कणग्या होत्या आणि त्याला वाढले गेले नाही, त्या गावाने आधी मान खाली घालावी. अर्थात भाकरीच्या बदल्यात मन मागणारा दाता असेल, तर तोही फारोच्या कोठाराच्या बाजूचाच. ही कसोटी मिशनलाही लागू आहे, मठालाही आणि सरकारी योजनेलाही.

यावर बायबलने एक व्यवहारी उपाय सांगितला आहे, आणि त्याला मराठीत नेमका शब्द आहे : सरवा. कापणी झाल्यावर वावरात पडून राहिलेली कणसे. लेवीयच्या पुस्तकात नियम आहे की शेताच्या कडा पार कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका. तो गरिबाचा आणि परक्याचा. रूथची सगळी कथा या एका नियमावर उभी आहे. कथेची सुरुवातच बेथलेहेमात, भाकरीच्या घरात, दुष्काळ पडण्याने होते. परक्या देशातली विधवा सून सासूला जगवण्यासाठी सरवा वेचायला जाते. मालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्या, आणि तिला बोलू नका. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे. द्यायचे, पण ती मागते आहे असे तिला वाटू द्यायचे नाही.

आता ही कथा मनात ठेवून राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला चला. तिथे सीतेचे मंदिर आहे, रामाशिवायचे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी त्याच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला. आख्यायिका अशी की टाकलेली सीता बाळंत झाल्यावर गावात पसाभर गहू मागायला गेली आणि गावाने तिला तो दिला नाही. तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. पुढे नवी वाणे येईपर्यंत तिथे गहू होत नसे, असे लोक सांगतात. मित्रहो, रूथ आणि सीता या दोन्ही घराबाहेर पडलेल्या, दोघी दुसऱ्याच्या धान्याकडे पाहणाऱ्या. एका गावाने सरवा सोडला आणि त्या बाईच्या वंशात दावीद राजा झाला. दुसऱ्या गावाने पसा झाकला आणि मातीने पीक झाकले. या कथा एकमेकींकडून उसन्या घेतलेल्या नाहीत. तरी दोन्हींत जमिनीची सुपीकता आणि माणसाचे वागणे यांना एकच मूळ आहे. शेतीशास्त्राच्या दृष्टीने हे खरे नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्या समाजाने आपल्याच गावाविरुद्धची अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली, त्याला न्याय म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते.

मापाविषयी थोडे सांगून शेवटाकडे येतो. खळ्यावर धान्य मोजताना आपले जुने लोक पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मापावर शीग चढे, दाणे ओघळत. लूकच्या शुभवर्तमानात देणाऱ्याला असेच माप परत मिळेल असे म्हटले आहे : दाबून, हलवून, शिगोशीग भरलेले, पदरात ओतलेले. हे खळ्यावरच्या माणसाचे बोलणे आहे. याच्या उलट चित्र आमोस संदेष्ट्याने आठ शतके आधी काढले होते. त्याच्या काळी इस्राएलमध्ये चलती होती, हस्तिदंती पलंग होते, आणि व्यापारी माप लहान करत, तोलाचे वजन मोठे करत आणि गव्हाबरोबर मातेरेही विकत. मातेरे विकणे म्हणजे काय आणि काटा मारणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला विचारायला नको. म्हणून आमोसच्या पुस्तकाच्या शेवटी जे स्वप्न येते, की पीक इतके येईल की नांगरणारा कापणाऱ्याला गाठील, ते खोट्या मापाच्या निषेधानंतर येते. आधी माप सरळ, मग सुकाळ. आज समृद्धीची हमी देणारे प्रवचनकार सगळ्याच धर्मांत आहेत. ते दुसरा भाग सांगतात, पहिला गाळतात.

आणि शेवटी पंगत. यशया म्हणतो की एका डोंगरावर सगळ्या लोकांसाठी मेजवानी होईल. सगळ्या लोकांसाठी, हा त्यातला भारी शब्द आहे. करिंथच्या मंडळीत हेच घडेना. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर पौल त्यांना लिहितो की तुम्ही प्रभूचे भोजन म्हणून जमता, पण एकजण भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो. एकमेकांसाठी थांबत जा. श्रीमंत आधी येऊन जेवून घेत, मजूर काम आटोपून उशिरा येत. आपल्या देशात तर पंगतीचा प्रश्न केवळ उशिराचा नव्हता. कोण कोणाच्या शेजारी बसणार, कोणाच्या हातचे खाणार, हाच प्रश्न होता. विदर्भ-मराठवाड्यात जे ख्रिस्ती झाले, त्यांतल्या कितीतरी जणांना गावच्या पंगतीत कधी पानच मांडले गेले नव्हते. त्यांच्यासाठी एकाच भाकरीचा तुकडा मोडून सगळ्यांनी खाणे हा धर्मविधी असण्याआधी माणूस म्हणून पान मांडले जाणे होते. तिथेही पुढे जातीने शिरकाव केला नाही असे नाही. करिंथमध्येही झाले होते तसेच.

आता आम्ही आमचे म्हणणे एकत्र करतो. बायबलमधली अन्नाची प्रतिमा धान्याचे प्रमाण सांगत नाही, नाते सांगते. अन्न कोणाच्या परवानगीने येते, कोणाच्या कोठारात जाते, पिकवणारा ते खातो का, आणि पानावर कोण बसले आहे, हे चार प्रश्न त्या प्रतिमांच्या आत आहेत. त्या चारांची उत्तरे नीट आली, तर जवाच्या पाच भाकरींनाही समृद्धी म्हणता येते. नाही आली, तर वाळूइतके धान्यही इजिप्तच ठरते.

याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले चिलगव्हाण आपल्याला माहीत आहे. १९ मार्च १९८६ रोजी तिथल्या एका शेतकरी कुटुंबाने मुलांसह आयुष्य संपवले. अलीकडच्या काळात दर वर्षी त्या तारखेला राज्यात अनेक लोक अन्नत्याग करतात. उपासाबद्दल यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात एक कठोर प्रश्न आहे. मान लववून, गोणपाट अंथरून बसण्याला तुम्ही उपास म्हणता का? मला हवा तो उपास जोखडे सोडवण्याचा, आपली भाकर भुकेल्याला वाटून देण्याचा. चिलगव्हाणचा अन्नत्याग करणाऱ्यांनी हा अध्याय वाचलेला असेलच असे नाही. पण ते ज्या कायद्यांविषयी आणि ज्या भावाविषयी बोलतात, ते जोखडाचेच बोलणे आहे. येत्या १९ मार्चला आपल्यापैकी जे उपास करतील, त्यांनी त्या दिवशी आपल्या घरची ज्वारी कोणाच्या वावरातून आली आणि तिला काय भाव मिळाला, एवढे विचारून पाहावे. उत्तर मिळाले तर पुढच्या व्याख्यानात आपण त्यावर बोलू.